पाय जड पडतात, एमआरआयमध्ये 'फ्लो व्हॉइड्स' आलेत, स्पायनल डीएसए करायची का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला काय समजलं ते आधी लिहितो, कुठं चुकलो तर सांगा. बाबा ६२ वर्षांचे, शिरोळ भागात ऊसशेती, दीड वर्षापासून पाय जड पडतात, आधी फक्त चालल्यावर आणि आता खुर्चीतून उठतानाही. उजव्या पायातली चप्पल कधी निसटली ते त्यांना कळतच नाही. लघवीला वेळ लागतो म्हणून प्रोस्टेटच्या गोळ्या चालू आहेत. कमरेचा एमआरआय झाला, गादी सरकलीय म्हणून पट्टा आणि फिजिओ दिला. मग दुसऱ्या हॉस्पिटलात पाठीचा एमआरआय, त्यात मज्जारज्जूला सूज, 'मायलायटिस' म्हणजे मज्जारज्जूचा दाह म्हणून पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड, आणि तिसऱ्या दिवशी पाय पूर्णच गेले, मग आठवडाभरानं थोडे परत आले. आता तिसऱ्या डॉक्टरांनी तोच एमआरआय बघून सांगितलंय की मज्जारज्जूच्या मागं फ्लो व्हॉइड्स, म्हणजे काळे ठिपके, दिसतायत, स्पायनल डीएसए करा, म्हणजे धमनीतून नळी घालून मणक्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढा. तुम्हाला विचारायचंय की डीएसएत लकवा होतो हे खरं का, खरंच काही निघालं तर ऑपरेशन बरं की नळीतून बंद करणं बरं, आणि भाऊ रोज सकाळी बाबांना गावाभोवती दोन फेऱ्या मारायला लावतो ते चालू ठेवायचं का.

मी एकवीस वर्षं हेच काम करतोय, मांडीतून नळी घालून मेंदू आणि मणक्यातल्या रक्तवाहिन्या तपासायच्या आणि जमेल तिथं आतूनच दुरुस्त करायच्या. बाबांना मी तपासलेलं नाही, फिल्म बघितलेल्या नाहीत, त्यामुळं निदान करत नाही. पण तुम्ही लिहिलेली कहाणी मी वेगवेगळ्या गावांच्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकलीय की वाचता वाचता पुढचं वाक्य काय येणार ते कळत होतं. पन्नाशी-साठी ओलांडलेला पुरुष, हळूहळू जाणारे पाय, प्रोस्टेटच्या गोळ्या, कमरेचा एमआरआय, आणि स्टेरॉइडनंतर बिघडणं. या सगळ्याचं एकत्र नाव बहुतेक वेळा 'स्पायनल ड्युरल एव्ही फिस्टुला' निघतं. बहुतेक वेळा म्हणतोय, नेहमी नाही, ते पुढं येईलच.

आता या 'फिस्टुला' शब्दानं आपल्याकडं फार गोंधळ होतो. अर्ध्या लोकांना भगंदर वाटतं. ते नाही. डायलिसिसचा पेशंट पाहिला असेल तर त्याच्या हातावर फुगलेली, हात लावला की थरथरणारी शीर असते, ती मुद्दाम केलेली असते, धमनी आणि नीला एकमेकींना जोडून. हे तसंच काहीसं, फक्त कुणी न करता आपोआप झालेलं आणि चुकीच्या जागी. मज्जारज्जूभोवती जे जाड आवरण असतं, ड्युरा, त्यातून मज्जातंतूची मुळं बाहेर पडतात तिथं एक बारीकशी धमनी थेट नीलेला जाऊन मिळते. जन्मजात नसतं हे, वय झाल्यावर तयार होतं. बायकांपेक्षा पुरुषांत साधारण पाचपट जास्त दिसतं आणि बहुतेक पाठीच्या खालच्या अर्ध्या भागात किंवा कमरेच्या वरच्या मणक्यांशी सापडतं. दुर्मिळ आहे, दहा लाखांत वर्षाला पाच-दहा लोकांना होतं असं धरतात, पण मज्जारज्जूच्या रक्तवाहिन्यांचे जे काही विकृत जोड असतात त्यात सगळ्यात जास्त दिसणारा हाच. नात्यातल्या कुणी 'पाठीत गाठ आहे' असं पसरवलं असेल तर तेही थांबवा, ही गाठ नाही, कॅन्सर तर नाहीच नाही.

मग एवढ्याशा जोडानं दोन्ही पाय का जावेत? तुम्ही शिरोळच्या, तुम्हाला हे सांगायला मला सोपं आहे. नदीकाठच्या क्षारपड जमिनी बघा. तिथं उसाला पाणी कमी पडलं म्हणून ऊस पिवळा पडला का? उलट, पाणी आलं ते जायला वाट नाही, निचरा बंद, मुळं पाण्यात बसली आणि गुदमरली. बाबांच्या मज्जारज्जूचं हेच झालं असावं. मज्जारज्जूतलं वापरलेलं रक्त बाहेर नेणाऱ्या ज्या नीला आहेत त्यात धमनीचं जोराचं रक्त उलटं घुसतं, या नीलांना उलटा प्रवाह अडवणाऱ्या झडपा नसतात, त्यामुळं प्रेशर थेट आत मज्जारज्जूपर्यंत पोचतं. बाहेर जायला जागा नाही म्हणून ताजं रक्त आत यायलाही जोर उरत नाही, तिथं सूज येते, पेशी हळूहळू उपाशी मरायला लागतात. रक्तस्राव नाही, अटॅक नाही, नुसतं तुंबणं. म्हणूनच हा आजार एका रात्रीत येत नाही, दीड-दोन वर्षं घेतो, आणि मधेच एखाद्या दिवशी पायरी उतरल्यासारखा एकदम खाली येतो.

आता लक्षणं याच नजरेनं बघा. चाललं की हृदयाचा जोर वाढतो, प्रेशर वाढतं, जोडातून आणखी रक्त नीलेत घुसतं, तुंबण वाढते, पाय जातात. थोडं बसलं की परत येतात. कंबरेतली जागा अरुंद झाल्यावरही असंच होतं म्हणून डॉक्टरांची पहिली चूक तिथं होते, आणि साठीच्या बहुतेक माणसांच्या कमरेच्या एमआरआयमध्ये एखादी गादी झिजलेली किंवा सरकलेली दिसतेच, त्यामुळं दोष द्यायला काहीतरी हाताशी सापडतं. बराच वेळ उभं राहणं, वाकून काम करणं, जोर काढणं, यानंही वाढतं. माझ्याकडं एक भजनी मंडळातले आजोबा यायचे, त्यांची तक्रार अशी की वरच्या पट्टीत अभंग लावला की मांडी घालून बसलेले पाय बधिर होतात आणि उठवायला दोघं लागतात. घरात सगळे हसायचे. गाताना छातीत-पोटात दाब वाढतो, तो नीलांमध्ये पोचतो, एवढं साधं होतं ते. फिस्टुला बंद केल्यावर आजोबा परत गायला लागले, काठी मात्र कायम राहिली.

चप्पल निसटणं हे पाय नक्की कुठं आहे ही जाणीव गेल्याचं लक्षण. कमरेतली नस दबली तर बधिरपणा असतो पण तो पायाच्या ठरावीक पट्ट्यात असतो. दोन्ही पाय, शिवाय लघवी, शिवाय बद्धकोष्ठ, आणि पुरुष सहसा बोलत नाहीत पण लैंगिक ताकद गेलेली, हे सगळं एकत्र असेल तर मामला वर मज्जारज्जूतच असतो. लघवीचं म्हणाल तर या वयात प्रोस्टेट वाढलेलं असतंच, सोनोग्राफीत दिसतंच, त्यामुळं तिकडं बोट जातं. यात कुणा एका डॉक्टरला मी दोष देत नाही. प्रत्येकानं आपापल्या समोरचा तुकडा बरोबर बघितला, सगळे तुकडे एका टेबलावर कुणी ठेवले नाहीत. जगभरातल्या पेशंटचं निदान व्हायला सरासरी वर्ष-दोन वर्षं जातातच, बाबा त्याच सरासरीत आहेत.

कमरेच्या एमआरआयबद्दल एक गोष्ट सगळ्यांसाठी लिहून ठेवतो. आपली मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, त्याखाली नुसत्या नसांचा झुबका. म्हणजे कमरेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूचं फक्त टोक वरच्या कोपऱ्यात दिसतं आणि रिपोर्ट लिहिणारा गाद्या मोजण्यात गुंतलेला असतो. दोन्ही पायांची ताकद जातेय आणि लघवीची तक्रार आहे तर पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा, नुसता कमरेचा पुरत नाही.

आता स्टेरॉइड. तुम्ही लिहिलंय की 'औषधाची रिअॅक्शन आली असं सांगितलं'. माझ्या मते ती रिअॅक्शन नव्हती, ती सगळ्यात मोठी खूण होती. खऱ्या मायलायटिसमध्ये स्टेरॉइडनं बरं वाटतं किंवा निदान तसंच राहतं. फिस्टुलात स्टेरॉइडनंतर काही तासांत-दिवसांत पाय एकदम जाणं हे पुन्हा पुन्हा नोंदवलं गेलंय, अंगात मीठ-पाणी धरून ठेवल्यानं नीलांमधलं प्रेशर आणखी वाढतं असं त्याचं कारण मानतात. कमरेत दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शननं आणि पाठीतून पाणी काढल्यानंतरही असं बिघडलेलं मी बघितलंय. त्यामुळं डीएसए होऊन नक्की काय ते कळेपर्यंत परत स्टेरॉइडचा कोर्स नको, हे पुढच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळ्या अजून चालू असतील तर मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, बऱ्याच दिवसांच्या गोळ्या टप्प्याटप्प्यानंच कमी करायच्या असतात, ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

फ्लो व्हॉइड्स म्हणजे काय तेही सांगतो कारण रिपोर्टमधला तो शब्द बघून लोक घाबरतात. एमआरआयमध्ये जोरात वाहणारं रक्त काळं दिसतं. मज्जारज्जूच्या मागं पांढऱ्या पाण्यात काळे ठिपके, वळवळत्या अळ्यांसारखे दिसले तर त्या फुगलेल्या नीला. जोडीला मज्जारज्जूच्या आत खालच्या टोकापर्यंत लांबलचक सूज. दोन्ही असेल तर संशय फार पक्का. पण इथं एक मेख आहे. मज्जारज्जूभोवतीचं पाणी स्वतःच हृदयाच्या ठोक्याबरोबर हलतं, आणि त्यामुळंही काळे डाग उमटतात, विशेषतः पाठीच्या भागात. वर्षाला चार-पाच पेशंट तरी माझ्याकडं असे येतात की ज्यांना फ्लो व्हॉइड्स लिहून दिलेत आणि ते नुसतं पाणी असतं. मज्जारज्जूत सूज अजिबात नाही आणि नुसतेच काळे ठिपके, तर मी लगेच डीएसएला नेत नाही, आधी बारीक कापांचा आणि डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसायचं औषध, देऊन एमआरआय परत करायला सांगतो. तुमच्या बाबांना सूज आहे, लक्षणं आहेत आणि स्टेरॉइडची गोष्ट आहे, त्यामुळं तिथं मला ती शंका कमी वाटते.

एमआर अँजिओ नावाची डाय देऊन केलेली एमआरआयची तपासणी आधी करता येते का ते विचारा. ती चांगल्या मशीनवर, माहितगार माणसानं केली तर फिस्टुला साधारण कुठल्या मणक्याशी आहे ते सांगते, म्हणजे डीएसएत शोधाशोध कमी होते, वेळ आणि डाय दोन्ही वाचतो. पण ती डीएसएच्या जागी चालत नाही. आणि ती मिळत नाही म्हणून महिनाभर थांबू पण नका.

तर डीएसए. मांडीच्या नाहीतर मनगटाच्या धमनीतून बारीक नळी महाधमनीत न्यायची आणि तिथून मणक्याकडं जाणाऱ्या एकेका फांदीच्या तोंडाशी नळी लावून थोडा थोडा डाय सोडून फोटो काढायचे. प्रत्येक मणक्याला डावी एक उजवी एक अशी फांदी, शिवाय मानेतल्या, शिवाय ओटीपोटातल्या, मिळून तीसेक वाहिन्या सहज होतात. दोन ते चार तास जातात. कंटाळवाणं काम आहे, आणि इथंच गफलत होते. सूज दिसतेय मज्जारज्जूच्या खालच्या टोकाला म्हणून तेवढ्याच चार-सहा वाहिन्या बघून 'नॉर्मल' लिहिणारे रिपोर्ट मी बघितलेत. पण सूज जिथं दिसते तिथंच जोड असतो असं अजिबात नाही! पाणी शेताच्या सखल कोपऱ्यात साचतं, पाट फुटलेला असतो दोन शेतं सोडून वर. जोड पाठीच्या वरच्या भागात असो, माकडहाडाजवळ असो, अगदी डोक्याच्या आवरणात असला तरी त्याचं रक्त खाली मज्जारज्जूच्या नीलांत उतरू शकतं आणि सूज खालच्याच टोकाला दिसते. म्हणून डीएसए आधी 'पूर्ण मणक्याची करणार ना, आणि नाही सापडलं तर डोक्याच्या आणि ओटीपोटाच्या वाहिन्याही बघणार ना' एवढं नम्रपणे विचारून घ्या. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. आणि निगेटिव्ह डीएसए हातात आली तर कुठल्या कुठल्या वाहिन्या बघितल्या त्याची यादी रिपोर्टमध्ये आहे का ते बघा, नसेल तर ती डीएसए अर्धी आहे असं मी समजतो.

लकव्याची भीती. ही भीती खोटी नाही, जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकात ही तपासणी नवी होती तेव्हाचा डाय मज्जारज्जूला झोंबायचा, नळ्या जाड होत्या, तेव्हा असे प्रकार व्हायचे. आजचा डाय आणि आजच्या नळ्या वेगळ्या आहेत, हे काम नेहमी करणाऱ्या हातात मज्जारज्जूला कायमची इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे. जांघेत रक्त साकळणं, डायची अॅलर्जी, किडनीवर ताण, हे त्यातल्या त्यात जास्त दिसणारे प्रकार. बाबांची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून घ्या, शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगा. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. लंडनच्या अॅमिनॉफ आणि लोग यांनी १९७४ साली उपचार न झालेल्या पेशंटचा जो अभ्यास छापला त्यात पायांची लक्षणं सुरू झाल्यापासून तीन वर्षांत जवळपास निम्मे लोक व्हीलचेअरवर किंवा दोन काठ्यांवर आले होते. बाबांचं दीड वर्ष झालंय. म्हणजे डीएसएत लकवा होईल का हा प्रश्न अर्धाच आहे, डीएसए न करता होईल का हा उरलेला अर्धा, आणि त्याचं उत्तर जास्त वाईट आहे.

थोडं विषयांतर करतो. हा आजार समजायला वैद्यकशास्त्राला पन्नास वर्षं लागली. १९२६ मध्ये पॅरिसच्या फॉय आणि अलाजुआनीन या दोघांनी असे हळूहळू पाय गेलेले पेशंट वर्णन केले, तेव्हा वाटलं मज्जारज्जू आपोआप सडतेय. नंतर ऑपरेशन करणाऱ्यांना मागं फुगलेल्या नीलांचं जाळं दिसलं, तर त्यांना तोच आजार वाटला आणि ते सगळं जाळं सोलून काढायचे. सोललं की काही पेशंट आणखी बिघडायचे, कारण त्या बिचाऱ्या नीलाच तर मज्जारज्जूचा निचरा होता! १९७७ मध्ये लंडनच्या केंडॉल आणि लोग यांनी दाखवलं की दोष त्या जाळ्यात नाही, बाहेर आवरणातल्या एका बारीक जोडात आहे, तो तोडा आणि जाळ्याला हात लावू नका. फुगलेल्या शिरा तशाच ठेवून पेशंट सुधारायला लागले. एमआरआय बघून 'एवढ्या शिरा काढणार कशा' असं नातेवाईक विचारतात, म्हणून हे सांगितलं. काढायच्या नसतात.

आता ऑपरेशन की नळीतून. मी स्वतः नळीवाला, तरी खरं सांगतो, हे फिस्टुला कुठं आहे आणि तिथं अजून काय आहे यावर ठरतं, माझ्या किंवा सर्जनच्या आवडीवर नाही. नळीतून करतो तेव्हा डीएसएच्याच मार्गानं केसासारखी बारीक नळी जोडापर्यंत नेतो आणि ग्लू सोडतो, फेविक्विकचा चुलतभाऊ समजा, किंवा ओनिक्स नावाचा दुसरा द्रव. तो जोड ओलांडून नीलेच्या सुरुवातीच्या तुकड्यापर्यंत जायला हवा. तिथं पोचला तर काम फत्ते, टाका नाही, दोन-तीन दिवसांत घरी. पण अलीकडंच धमनीत थांबला तर फोटोत बंद दिसतं, सगळे खूष, आणि काही आठवड्यांनी-महिन्यांनी शेजारच्या मणक्याची फांदी त्याच जोडाला आडवाटेनं रक्त पुरवायला लागते. नुसती कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, टाकून धमनी बंद करणं तर मी चूकच मानतो, पाटाचं तोंड बुजवलं आणि शेजारून चर फुटला अशी गत, वर माझा परत आत जायचा रस्ता बंद.

ऑपरेशनमध्ये न्यूरोसर्जन एका-दोन मणक्यांचा मागचा भाग उघडून, मायक्रोस्कोपखाली आवरण उघडून, जी नीला जोडातून आत शिरते ती पकडून बंद करतो आणि तोडतो. एवढंच. ही नीला निळी असायला हवी ती धमनीच्या रक्तानं लालभडक झालेली असते, क्लिप लावली की बघता बघता मागचं अख्खं जाळं काळसर निळं पडतं, आम्ही नळीवालेसुद्धा ते बघायला ऑपरेशन थिएटरात जातो. आकडे सांगायचे तर जमा केलेल्या अभ्यासांत ऑपरेशननं फिस्टुला कायमचा बंद होण्याचं प्रमाण शंभरात पंच्याण्णवच्या वर आहे, नळीतून जुन्या काळात निम्म्याच्या आसपास होतं, नव्या साहित्यानं सत्तरच्या आसपास आलंय. मग नळीतून करतात का? कारण डीएसए चालूच असते, रस्ता सोपा असेल तर त्याच बैठकीत काम होऊ शकतं, मोठी भूल आणि मणका उघडणं टळतं, आणि नाही जमलं तर ऑपरेशनचा रस्ता मोकळाच असतो. माझी पद्धत अशी की रस्ता सरळ दिसला तर एकदा प्रयत्न करतो, ग्लू नीलेपर्यंत गेला नाही तर त्याच आठवड्यात सर्जनकडं पाठवतो, 'बघू तीन महिने' असं करत नाही.

एक परिस्थिती अशी की तिथं मी नळीतून करतच नाही. मज्जारज्जूला पुढून रक्त देणारी एक मुख्य धमनी असते आणि तिला पाठीच्या खालच्या भागातून, बहुतेक डावीकडून, एक मोठी फांदी येऊन मिळते, अॅडमकिएविचची धमनी म्हणतात तिला. फिस्टुलाला रक्त देणारी फांदी आणि ही धमनी एकाच खोडातून निघत असतील तर ग्लूचा एक थेंब चुकीच्या वाटेला गेला की खरोखरचा लकवा. तिथं सरळ ऑपरेशन. डीएसए नीट, पूर्ण हवी म्हणतो त्याचं हे आणखी एक कारण, नुसता जोड सापडून भागत नाही, ही धमनी कुठून निघते तेही दिसायला हवं.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: स्टेरॉइड परत नको, डीएसए पूर्ण आणि लवकर, आणि जोड सापडल्यावर नळी की ऑपरेशन ते त्या फोटोंवर, शक्यतो दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून ठरवायचं. म्हणून जिथं दोन्ही सोयी एका छताखाली आहेत तिथंच जा. मुंबईचं केईएम, बंगळुरूचं निम्हान्स, त्रिवेंद्रमचं श्री चित्रा ही सरकारी किंवा संस्थेची नावं सगळ्यांना माहीत आहेत, पुण्या-मुंबईत खासगीतही होतं. खर्चाचं, जन आरोग्य योजनेत बसतं का ते, हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी कागद दाखवून विचारा, डिस्चार्जच्या दिवशी नको. जाताना एमआरआयचे नुसते रिपोर्ट नेऊ नका, सीडी न्या, जुना कमरेचा एमआरआयसुद्धा न्या, त्याच्या वरच्या कोपऱ्यात दीड वर्षापूर्वी काय होतं ते बघायला मला तरी फार उपयोग होतो.

बरं किती होईल? इथं मी पेशंटना खोटी आशा देत नाही. फिस्टुला बंद झाला की बिघडणं थांबतं, हे बहुतेकांत होतं आणि हाच मुख्य फायदा. पायांची ताकद निम्म्याहून जास्त लोकांत सुधारते, काहींची आठवड्यात, बऱ्याच जणांची सहा महिने-वर्षभर हळूहळू. लघवी आणि बधिरपणा मागं राहतो, तो कमी लोकांत सुधारतो. आणि ज्या पायांनी माणूस आत आला त्यावर बाहेर कसा जाणार ते बरंच अवलंबून, काठीवर चालत आलेला बहुतेक चालत राहतो, सहा महिने अंथरुणाला खिळलेला उठेल याची खात्री देता येत नाही. बाबा आज आधारानं चालतायत ना, मग हा आठवडा महत्त्वाचा आहे. बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडं बिघडू पण शकतं, तुंबलेल्या नीलांचा प्रवाह एकदम मंदावतो आणि रक्त साकळतं, ते बघायला डॉक्टर तिथं असतात. साधारण तीन महिन्यांनी एमआरआय परत करतात. आधी सुधारलेला पेशंट नंतर कधीही परत बिघडायला लागला तर तो फिस्टुला परत उघडलाय असं धरूनच चालायचं, वय झालं म्हणून सोडून द्यायचं नाही.

तोवर घरी काय. शेक अजिबात नको! बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी लावून पोळलेले, फोड आलेले पेशंट दर हिवाळ्यात येतात, त्यांना चटका कळतच नाही. लघवी पूर्ण होत नसेल तर सोनोग्राफीत लघवी केल्यानंतर किती उरते ते मोजून घ्या, जास्त उरत असेल तर दिवसातून तीन-चार वेळा स्वच्छ नळीनं काढायला शिकवतात, ते ऐकायला वाईट वाटतं पण किडनी वाचते. रात्री संडासपर्यंत दिवा आणि भिंतीला धरायला दांडी, कारण पाय कुठं आहे हे ज्याला डोळ्यांनीच कळतं तो अंधारात पडणारच.

एक इशारा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. मज्जारज्जूतल्या रक्तवाहिन्यांचे दुसरेही विकृत जोड असतात, मज्जारज्जूच्या आतले किंवा पृष्ठभागावरचे, ते तरुणांत-लहान मुलांत जास्त, आणि त्यात रक्तस्राव होतो. पाठीत किंवा मानेत एकदम वीज पडल्यासारखी कळ आणि काही तासांत हातपाय गेले, असं असेल तर ती इमर्जन्सी, त्यासाठी वरचं काही वाचत न बसता सरळ न्यूरोसर्जन असलेल्या हॉस्पिटलात.

राहिला भावाच्या फेऱ्यांचा प्रश्न. त्याला रागावू नका, त्याला वाटतंय पाय वापरले नाहीत तर आणखी जातील, कुठलाही मुलगा हेच करेल. पण तुम्हीच लिहिलंय की दुसऱ्या फेरीत देवळापाशी बाबांचे पाय लटपटतात आणि घरी येईपर्यंत त्यांना धरून आणावं लागतं. ती कसरत नाही, प्रत्येक फेरीला आपण त्या तुंबलेल्या जागेत आणखी पाणी सोडतोय. फेऱ्या बंद. घरातल्या घरात, पाय जड व्हायच्या आधी थांबून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं चालवा, आडवं झोपून पायाचे व्यायाम करून घ्या, जोर लावून कुंथू देऊ नका, पोट साफ राहील असं बघा. फिस्टुला बंद झाल्यावर सर्जन किंवा फिजिओ सांगेल तेव्हा भावाला परत फेऱ्यांवर सोडा, तेव्हा त्याचा हट्ट कामाला येईल. डीएसए झाली की रिपोर्ट इथंच टाका, नाव-नंबर झाकून, मी बघतो.